ब्रेस्ट पंपाची पारख: मोटर नंतर, फनेलचं माप आधी

दुकानात किंवा ऑनलाइन ब्रेस्ट पंप बघायला लागलं की डोळ्यांत भरतात ते आकडे: नऊ लेव्हल, तीन मोड, डिस्प्ले, मसाज, यूएसबी चार्जिंग. दूध किती निघणार हे यांतल्या कशावरही फारसं अवलंबून नसतं. ते ठरतं तीन गोष्टींवर. फनेल स्तनाग्राच्या मापाचं आहे का, व्हॉल्व नीट मिटतो का, आणि दिवसातून किती वेळा दूध काढलं जातं. खोक्यावर यांपैकी एकही गोष्ट ठळकपणे छापलेली नसते.

म्हणून हे परीक्षण ब्रँडच्या क्रमवारीचं नाही. मॉडेलं सारखी बदलतात. आतले भाग मात्र तेच राहतात: स्तनावर बसणारं फनेल, त्याला जोडलेला कनेक्टर, दूध खाली सोडणारा सिलिकॉनचा व्हॉल्व, ओढ तयार करणारा पडदा, नळी, मोटर आणि बाटली. कोणत्या प्रकारात यांतलं काय चांगलं असतं, काय बिघडतं आणि कुणी कोणता पंप घ्यावा, एवढंच इथे पाहू.

पंप लागतो कुणाला

पूर्ण दिवसांचं ठणठणीत बाळ, अंगावर नीट पिणारं, आणि आई घरीच आहे, अशा घरात पंपाची गरज नाही. बाळंतपणाच्या बॅगेत झबली-टोपड्यांबरोबर पंप भरून नेण्याची पद्धत हल्ली पडली आहे, ती आम्हाला पटत नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांचा चीक दाट असतो आणि थेंबाथेंबाने येतो. पंप लावला तर त्यातला बराचसा फनेलला आणि व्हॉल्वलाच चिकटून राहतो. बाळाला पहिल्या दिवशी एका वेळी पाच-सात मिली पुरतात, तेव्हा हे थेंब वाया घालवणं परवडत नाही. ते दिवस हाताने दूध काढण्याचे. चीक हाताने उकळलेल्या वाटीत किंवा सुई काढलेल्या नव्या सिरिंजमध्ये काढावा आणि तिथेच पाजावा.

पंपाचं खरं काम पडतं ते कमी दिवसांचं बाळ एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, असेल तेव्हा, आईला कामावर परतायचं असेल तेव्हा, किंवा टाळू दुभंगलेली असल्यासारख्या कारणाने बाळ ओढू शकत नसेल तेव्हा. एनआयसीयूतल्या बाळाच्या आईने जन्मानंतर पहिल्या सहा तासांत, जमल्यास पहिल्या तासातच, दूध काढायला सुरुवात करावी. मग चोवीस तासांत आठ ते दहा वेळा, आणि त्यात रात्रीची एक वेळ हवीच. या बाळांना आतड्याच्या जीवघेण्या आजाराचा, नेक्रोटायझिंग एंटेरोकोलायटिसचा, धोका असतो. आईच्या दुधावर तो कमी होतो. तिथे काढलेला प्रत्येक मिली औषधाइतका मोलाचा आहे.

एक गैरसमज फार त्रास देतो, तो आधीच दूर करू. पंपाने किती दूध निघालं यावरून आईला दूध किती आहे हे कळत नाही. बाळ पिऊन झाल्यावर पंप लावला आणि दोन्ही बाजूंचं मिळून वीस-तीस मिली निघालं, तर ते अगदी योग्य आहे. बाळाला पुरतंय का हे बाळच सांगतं: पाचव्या-सहाव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा लघवी, दोन आठवड्यांत जन्माचं वजन परत येणं, आणि पुढे पहिले तीन महिने रोज साधारण २० ते ३० ग्रॅम वाढ. बाटलीवरच्या रेघा बघून 'दूध कमी पडतंय' असं घरातल्या कुणीतरी ठरवायचं आणि पावडरचा डबा आणायचा, हे फार घरांत होतं. वरचं दूध पोटात गेलं की बाळ तेवढं कमी ओढतं, ओढ कमी झाली की दूध खरोखरच कमी होतं.

एवढी खटपट कशासाठी

अंगावरच्या दुधावरच्या बाळांना जुलाब, न्यूमोनिया आणि कानाचे संसर्ग कमी होतात. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीही नाही, आणि पुढे वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षं किंवा जास्त, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. यातला आईचा फायदा मात्र कमी बोलला जातो. २००२ साली ३० देशांतल्या ४७ अभ्यासांची माहिती एकत्र करून केलेलं विश्लेषण 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं. स्तनपानाच्या प्रत्येक बारा महिन्यांमागे आईचा स्तनांच्या कर्करोगाचा धोका ४.३ टक्क्यांनी कमी होतो, असं त्यात दिसलं. बीजकोशाचा कर्करोग आणि टाइप २ मधुमेह यांचा धोकाही स्तनपान करणाऱ्या आयांमध्ये कमी आढळतो.

हे फायदे पाजण्याच्या एकूण काळाशी बांधलेले आहेत. पंपाची किंमत इथे कळते. रजा संपल्यावर चौथ्या-सहाव्या महिन्यात जे स्तनपान तुटलं असतं, ते पंपामुळे वर्षभर किंवा जास्त टिकतं.

काढलेलं दूध थेट अंगावर पाजण्याच्या पूर्ण तोडीचं मात्र नसतं. ताज्या दुधातल्या जिवंत पेशी गोठवल्यावर टिकत नाहीत आणि क जीवनसत्त्वही घटतं. संसर्गाशी लढणारी प्रथिनं बऱ्याच प्रमाणात शाबूत राहतात. म्हणून क्रम असा ठेवावा: आई घरी असताना अंगावर, आई बाहेर असताना त्याच किंवा आदल्या दिवशी काढलेलं दूध, आणि फ्रीजरचा साठा अडीनडीला.

आणखी एक गोष्ट पंप वापरणाऱ्या आईला कुणी सांगत नाही. पाळी आलेली नाही, बाळ सहा महिन्यांच्या आतलं आहे आणि दिवसरात्र फक्त अंगावर पितं, या तिन्ही अटी पाळल्या तर स्तनपान गर्भनिरोधक म्हणून ९८ टक्के परिणामकारक ठरतं. दिवसातले आठ-नऊ तास बाळाऐवजी पंप ओढत असेल तर या हिशेबावर विसंबू नये. कामावर परतण्याआधीच डॉक्टरांकडून दुसरं साधन ठरवून घ्यावं.

हात

पंप घेणार असाल तरी हाताने काढता आलंच पाहिजे. वीज गेली, व्हॉल्व हरवला, छाती दगडासारखी झाली की शेवटी हातच कामाला येतात. हात धुवा. स्तनांवर हलक्या हाताने गोल चोळा, पुढे थोडं वाकून बसा. अंगठा वर आणि तर्जनी खाली, स्तनाग्रापासून साधारण तीन सेंटिमीटर मागे, इंग्रजी सी अक्षरासारखी बोटं ठेवा. आधी बोटं मागे छातीच्या दिशेने दाबा, मग एकमेकांकडे दाबा, मग सोडा. कातडीवरून बोटं घसरू देऊ नका आणि स्तनाग्र पिळू नका. त्याने दूध येत नाही, फक्त आग होते. सुरुवातीला मिनिटभर काहीच दिसणार नाही. पान्हा फुटला की धार येते. धार मंदावली की बोटं घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवून दुसऱ्या जागी दाबा. पाच मिनिटांनी बाजू बदला. सगळं मिळून वीस ते तीस मिनिटं लागतात.

पंप चालू असताना हात वापरणं हे तर सर्वांत स्वस्तातलं अपग्रेड आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डॉ. जेन मॉर्टन यांनी २००९ मध्ये कमी दिवसांच्या बाळांच्या आयांवर केलेल्या अभ्यासात पंपाबरोबर हाताने दाबणाऱ्या आयांचं दूध चांगलंच वाढलेलं दिसलं. महागड्या मॉडेलवर उडी मारण्याआधी हे आठवडाभर करून पाहावं.

प्रकार

मेडिकलमध्ये अजूनही मिळणारा काचेच्या नळीचा, रबरी फुग्याचा पंप घेऊच नका. कितीही स्वस्त असला तरी नाही. त्याची ओढ आटोक्यात ठेवता येत नाही, स्तनाग्राला इजा होते, आणि दूध फुग्यात शिरलं की तो आतून धुताच येत नाही.

हँडलचा हातपंप हा वेगळा आणि चांगला प्रकार. आवाज नाही, चार्जिंग नाही, भाग मोजके. ओढीचा वेग आणि जोर आईच्या हातात असल्याने काहींना विजेच्या पंपापेक्षा यानेच जास्त दूध येतं. दिवसातून एकदा-दोनदा काढायचं असेल तर तो पुरे. जास्त वेळा वापरला तर अंगठ्याच्या बुडाशी मनगट धरतं. बाळंतिणींना बाळ उचलून-उचलून तिथे दुखतच असतं, त्यात ही भर. घेताना हँडल फिरवता येतं का ते बघा. एकाच कोनात अडकलेलं हँडल लवकर दमवतं.

एका बाजूचा विजेचा पंप आमच्या मते सर्वांत फसवी खरेदी. किंमत हातपंपापेक्षा बरीच जास्त, वेळ मात्र तेवढाच. डावी बाजू वीस मिनिटं, उजवी वीस मिनिटं, मग धुणं. ऑफिसात एवढा वेळ कुणालाच मिळत नाही.

नोकरीवर परतणाऱ्या आईने दोन्ही बाजूंचा विजेचा पंपच घ्यावा. वेळ निम्मा होतो, आणि दोन्हीकडे एकदम ओढ बसल्याने एकूण दूधही थोडं जास्त येतं. त्यात दोन टप्पे असायला हवेत: आधी जलद आणि हलकी ओढ, बाळ सुरुवातीला भराभर चोखतं तशी, मिनिटाला शंभरच्या वर आवर्तनं; मग पान्हा आला की संथ आणि खोल ओढ, मिनिटाला साधारण पन्नास ते सत्तर. ओढीची ताकद २५० मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास असली की भरपूर झाली. ३५० किंवा ४०० चा आकडा जाहिरातीसाठी असतो, शरीराला त्याचा उपयोग नाही. चौकशी करायचीच तर ही करा: यंत्र 'क्लोज्ड सिस्टिम' आहे का, म्हणजे दूध नळीत आणि मोटरमध्ये शिरू नये यासाठी मध्ये पडदा आहे का? व्हॉल्व आणि पडदा सुटे मिळतात का? फनेल किती मापांत येतं? या तीनपैकी एकाचं उत्तर 'नाही' असेल तर पुढचं दुकान बघावं.

ब्राच्या आत बसणारे बिनवायरचे पंप सध्या सर्वांत जास्त खपवले जातात. हात मोकळे राहतात हे खरं, आणि चालत्या गाडीतही वापरता येतात. पण मोटर लहान, फनेल आत दडलेलं, त्यामुळे स्तनाग्र मधोमध आहे का हे दिसत नाही. एक-दोन मिलिमीटर सरकलं तरी दूध येत नाही किंवा घासतं. कप भरत आला आणि आई वाकली की दूध सांडतं. भागही जास्त, म्हणून धुणं किचकट. दूध पक्कं बसल्यावर, म्हणजे सहा ते आठ आठवड्यांनंतर, दुसरा पंप म्हणून तो सोयीचा आहे. एकमेव पंप म्हणून, विशेषतः एनआयसीयूच्या बाळासाठी, आम्ही तो सुचवणार नाही.

त्या बाळांसाठी हॉस्पिटलच्या दर्जाचा पंप हवा. मेडेलाचा सिम्फनी हे त्यातलं ओळखीचं नाव. विकत घेण्याजोगी त्याची किंमत नाही. मोठ्या शहरांत वैद्यकीय उपकरणं भाड्याने देणाऱ्यांकडे असे पंप महिन्याच्या बोलीवर मिळतात. यंत्र अनेकींनी वापरण्यासाठीच बनवलेलं असतं, पण फनेल-नळी-बाटलीचा संच प्रत्येकीचा स्वतःचा नवा हवा.

राहिला सिलिकॉनचा चिकटवायचा कप. बाळ एका बाजूला पीत असताना दुसरीकडून गळणारं दूध तो गोळा करतो. छान आणि स्वस्त. पण तो नुसता झेलत नाही, ओढतोही. रोज प्रत्येक वेळी लावला तर शरीर जुळ्यांचा हिशेब धरतं आणि दूध नको तितकं वाढतं. मग गाठी होतात.

फनेलचं माप

इथे थोडं रेंगाळू, कारण बहुतेक तक्रारींचं मूळ इथेच सापडतं. खोक्यात सहसा २४ किंवा २७-२८ मिलिमीटरचं फनेल येतं. हे माप फनेलच्या तोंडाचं नसतं, स्तनाग्र ज्या बोगद्यात शिरतं त्याच्या व्यासाचं असतं. मापायचं ते स्तनाग्र, भोवतीचं काळसर वलय नव्हे. दूध काढण्याआधी, स्तनाग्र उठलेलं असताना, त्याच्या बुडाशी साध्या पट्टीने व्यास मोजा. त्यात दोन-तीन मिलिमीटर मिळवा. १६ आलं तर १८-१९ चं फनेल, १८ आलं तर २१ चं. दोन्ही बाजूंची मापं वेगळी असू शकतात, आणि बाळंतपणानंतरच्या महिन्यांत ती बदलतातही.

मग पंप लावून बघा. स्तनाग्र बोगद्यात मोकळेपणी मागे-पुढे व्हायला हवं आणि वलयाचा फार थोडा भाग आत यायला हवा. बोगदा लहान असेल तर स्तनाग्र कडेला घासतं, टोक पांढरं किंवा जांभळट पडतं, नंतर चिरतं. मोठा असेल तर वलय आत खेचलं जातं, सूज येते, दूध थेंबाथेंबाने येतं आणि नंतरही स्तन जड राहतो. 'पंप कमजोर आहे' अशी तक्रार करणाऱ्या कित्येकींचा पंप ठीक असतो, फनेल दोन मापं मोठं असतं. नवं फनेल घेण्याऐवजी आत बसणारे सिलिकॉनचे इन्सर्ट मिळतात, १७, १९, २१ मापांचे. थोडक्या पैशांत प्रश्न सुटतो.

ज्यांचं स्तनाग्र आत ओढलेलं असतं त्यांनी पंपावर घाई करू नये. दहा किंवा वीस मिलीच्या नव्या सिरिंजचं टोक कापून दट्ट्या कापलेल्या बाजूने घालायचा, गुळगुळीत बाजू स्तनावर लावायची आणि दट्ट्या हळूच ओढून अर्धा-एक मिनिट धरायचा. पाजण्याआधी दिवसातून काही वेळा हे केल्याने बऱ्याच जणींचं स्तनाग्र पुढे येतं. दुखलं की सोडायचं. प्रसूतीनंतर वॉर्डातल्या सिस्टरकडून एकदा शिकून घेतलं तर उत्तम.

एक वेळ कशी काढायची

फनेलच्या कडेला आतून पाण्याचा किंवा दुधाचा थेंब फिरवा, म्हणजे हवा गळत नाही. जलद टप्पा दोन मिनिटं. धार सुरू झाली की संथ टप्पा. ओढ एकेक पायरीने वाढवा, अस्वस्थ वाटलं की एक पायरी खाली या. तीच तुमची पायरी. जोर वाढवून दूध वाढत नाही, उलट दुखलं की पान्हा आवळतो. पंधरा ते वीस मिनिटांनी धार थांबते, त्यानंतर एक-दोन मिनिटं हाताने दाबा आणि थांबा. बाळाचा फोटो, त्याचं झबलं, रेकॉर्ड केलेला आवाज यांनी पान्हा लवकर येतो. पान्हा आणणाऱ्या ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचं काम तसंच चालतं, ताण आला की ते अडतं.

आई नऊ तास बाहेर असेल तर मागे किती दूध ठेवायचं? एक ते सहा महिन्यांचं बाळ दिवसभरात साधारण ७५० ते ८०० मिली पितं, म्हणजे तासाला तीस-पस्तीस मिली. नऊ तासांना तीनशे ते चारशे मिली पुरतात, साठ ते शंभरच्या भागांत. फ्रीजर भरून टाकायची गरज नाही. रजा संपण्याआधी दोन-तीन आठवडे, सकाळच्या पहिल्या पाजण्यानंतर रोज एकदा काढलं तरी पुरेसा साठा होतो. गरजेपेक्षा जास्त काढत राहिलं तर दूध साचून स्तनाला सूज येते. अशा वेळी पंप जोरात चालवून 'रिकामं' करायच्या मागे लागू नये. बाळाला नेहमीप्रमाणे पाजावं, मधल्या वेळात थंड शेक द्यावा, गाठ रगडू नये. ताप आला किंवा दिवसभरात उतार पडला नाही तर डॉक्टरांकडे जावं.

काय बिघडतं

ओढ अचानक कमी झाली की मोटरला दोष देण्याआधी व्हॉल्व बघा. चोचीसारखा, पुढे चीर असलेला सिलिकॉनचा तुकडा. चीर पूर्ण मिटलेली हवी. उजेडात धरल्यावर फट दिसली तर तो गेला. चिरेत ब्रश घालून घासल्याने तो हमखास फाटतो, बोटाने चोळूनच धुवावा. दिवसाला तीन-चारदा पंप वापरणारीने महिन्या-दोन महिन्यांत व्हॉल्व बदलावा. पंप घेताना दोन जादा व्हॉल्व घेऊन ठेवणं शहाणपणाचं. पडदा ओला राहिला तरी ओढ कमी होते. नळीत वाफेचे थेंब दिसले तर फनेल काढून पंप दोन-तीन मिनिटं मोकळा चालवा. नळीत काळे ठिपके दिसले तर ती बुरशी आहे, नळी फेकून द्या.

नणंदेचा किंवा मैत्रिणीचा जुना पंप चालेल का, हे हमखास विचारलं जातं. क्लोज्ड सिस्टिम नसेल तर नाही. मोटरमध्ये गेलेलं दूध साफ करता येत नाही. क्लोज्ड असेल तरी घरगुती मोटरचं आयुष्य ठरलेलं असतं, एका-दोन बाळांनंतर ओढ मंदावते आणि ती बाहेरून कळत नाही.

धुण्याबाबत काटेकोर राहा. २०१६ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात कमी दिवसांचं एक बाळ क्रोनोबॅक्टर या जंतूच्या संसर्गाने गंभीर आजारी पडलं, आणि तोच जंतू त्या घरातल्या पंपात सापडला. दुधाला लागलेले सर्व भाग प्रत्येक वापरानंतर धुवायचे. सिंकमध्ये टाकून नाही, तर वेगळ्या स्वच्छ पातेल्यात, साबणाच्या गरम पाण्याने, वेगळ्या ब्रशने. मग स्वच्छ कपड्यावर हवेत पूर्ण कोरडे करायचे, फडक्याने पुसायचे नाहीत. बाळ दोन महिन्यांच्या आतलं किंवा कमी दिवसांचं असेल तर रोज एकदा पाच मिनिटं उकळायचे. बोअरच्या जड पाण्याने पांढरा थर धरतो, उकळायला गाळलेलं आरओचं पाणी घ्यावं. मोटर आणि नळी उकळायची नाही.

साठवण, आणि आपला उन्हाळा

पुस्तकांत 'खोलीच्या तापमानाला चार तास' असं दिलेलं असतं. ती खोली २५ अंशांची. एप्रिल-मेमध्ये नागपूर किंवा जळगावच्या घरात ते गृहीतच धरू नये, दूध काढलं की लगेच फ्रीजमध्ये किंवा बर्फाच्या पिशवीत. गोठवलेले आइस पॅक आणि जाड थर्मल बॅग असेल तर २४ तास टिकतं, त्यामुळे ऑफिसात फ्रीज नसला तरी अडत नाही. फ्रीजमध्ये चार दिवस चालतं, पण आपल्याकडे वीज जाते आणि फ्रीजचं दार दिवसभर उघडत असतं, म्हणून उन्हाळ्यात दोन दिवसांपलीकडे जाऊ नये. बाटली दारात नाही, मागच्या बाजूला ठेवायची.

फ्रीजर म्हणजे वेगळं दार असलेला, उणे १८ अंशांचा. तिथे सहा महिने. एकदारी फ्रीजच्या आतल्या बर्फाच्या कप्प्यात मात्र दोनच आठवडे धरा. साठ-साठ मिलीच्या पिशव्या, वर थोडी जागा सोडून, तारीख घालून, आडव्या गोठवा. वापरायच्या आदल्या रात्री खाली फ्रीजमध्ये ठेवा. वितळलेलं २४ तासांत संपवा, पुन्हा गोठवू नका. कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवून ऊब द्या. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नाही, त्याने कुठे चटका बसेल इतकं गरम होतं आणि संरक्षक प्रथिनं नासतात. वर साय आल्यासारखा थर दिसला म्हणजे दूध नासलं नाही, ते नुसतं हलकं फिरवून एकजीव होतं. साबणासारखा वास आला तरी बहुधा तो दुधातली चरबी फोडणाऱ्या लायपेज या घटकामुळे असतो. बाळ पीत असेल तर चालतं. पिऊन उरलेलं दोन तासांत वापरा, मग टाका.

पाजायचं कशाने? जवळजवळ प्रत्येक पंपाबरोबर दूध पाजायची बाटली येते. ही गोष्ट आम्हाला खटकते. भारतात १९९२ च्या कायद्याने दुधाच्या बाटल्यांची जाहिरात करायला बंदी आहे, पण पंपाच्या खोक्यातून बाटली आपोआप घरात शिरते. त्या बाटलीत दूध साठवा, पाजायला आपलं जुनं बोंडलं किंवा छोटी वाटी घ्या. बाळाला अर्धवट बसतं धरायचं, बोंडल्याची चोच खालच्या ओठावर टेकवायची, थोडं तिरकं करायचं आणि त्याला जिभेने घेऊ द्यायचं. ओतायचं नाही. बोंडल्याच्या चोचीत दुधाची रेघ राहते, ती पाहून धुवा. सुरुवातीला आजीला किंवा सांभाळणाऱ्या ताईंना वेळ लागतो, चार-पाच दिवसांत हात बसतो. बाळाला बाटलीच्या रबरी बोंडशीची सवय लागली नाही तर ते संध्याकाळी आईच्या अंगाला आनंदाने लागतं.

कामाच्या ठिकाणी काय मागायचं हेही माहीत असावं. मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत नेहमीच्या सुट्टीशिवाय पाजण्यासाठी दोन जादा सुट्ट्या कायद्याने मिळतात, आणि पन्नास किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघर बंधनकारक आहे. दार बंद होणारी खोली, खुर्ची, प्लग आणि हात धुवायला पाणी, एवढं लेखी मागावं. स्वच्छतागृहात दूध काढायला सांगत असतील तर स्पष्ट नकार द्यावा. आपल्याकडे एसटी स्थानकांत आणि काही सरकारी कार्यालयांत हिरकणी कक्ष आहेत, प्रवासात त्यांचा उपयोग होतो. तिथे प्लग असेलच असं धरू नये, पंप चार्ज करून किंवा हातपंप सोबत घेऊन निघावं.

दूध खरोखरच जास्त येत असेल तर टाकू नका. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली, आणि आता राज्यात इतरत्रही अशा पेढ्या आहेत. दूध देणाऱ्या आईच्या रक्ताच्या चाचण्या होतात, दूध ६२.५ अंशांवर तीस मिनिटं तापवून निर्जंतुक केलं जातं आणि ते एनआयसीयूतल्या बाळांना मिळतं. घरी काढलेलं दूध घेतात की तिथे येऊन काढावं लागतं, हे त्या पेढीला आधी विचारा. आणि ओळखीतून थेट दुसऱ्या बाळाला दूध देऊ नका, त्यात या चाचण्या होत नाहीत.

खरेदीचं शेवटचं. उघडलेला पंप स्वच्छतेच्या कारणाने बहुतेक दुकानं परत घेत नाहीत, बदलूनही देत नाहीत. म्हणून माप आधी घ्या, खोकं नंतर फोडा, बिल आणि वॉरंटी कार्ड जपा, आणि पहिल्याच दिवशी फनेल तळहातावर लावून दोन्ही बाजूंची ओढ सारखी आहे का बघा. पंप सोडायची वेळ आली की एकदम थांबवू नका. तीन-चार दिवसांतून एक वेळ कमी करा, आधी दुपारची, सर्वांत शेवटी सकाळची. मधे स्तन जड वाटला तर आराम पडेल एवढंच हाताने काढा. बाळाचं अंगावर पिणं सकाळ-संध्याकाळ तसंच चालू ठेवता येतं.